बिनव्याजी उचलीचं धर्मशास्त्र

माझ्या माय-बापाने आयुष्यभर जे कर्ज घेतलं, त्यावर त्यांना कधी एक रुपया व्याज लागलं नाही. तरी ते कर्ज त्यांच्या मानगुटीवरून उतरलं नाही.

बीड जिल्ह्यातल्या ज्या वस्तीत मी वाढले, तिथे दसऱ्याच्या आधी मुकादम यायचा. एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या एका जोडीची, उचल ठरायची. मी सातवीत होते त्या वर्षी ती चाळीस हजार होती. पैसे आधी हातात, काम नंतर. स्टँप पेपरवर बापाची सही, मायचा अंगठा. पुढचे पाच-सहा महिने फडावर जेवढा ऊस तोडायचा, त्याची टनामागची मजुरी उचलीतून वळती व्हायची. व्याज शून्य. पण एक दिवस फडावर गेलं नाही, की खाडा. खाड्याचा दंड त्या दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त. ताप आला तरी खाडा, पाळीत अंग मोडून आलं तरी खाडा. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर 'बाकी' निघायची, आणि बाकी निघाली की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या टोळीत जावं लागायचं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. त्यामागे जी कारणं होती त्यांत हा खाडाही होता.

म्हणून 'बिनव्याजी' हा शब्द ऐकला की मी लगेच टाळ्या वाजवत नाही. आधी विचारते, खाड्याचं काय?

हे सगळं आठवायचं कारण माझी रूममेट. ती लातूरकडची, नदाफ समाजातली. तिचे वडील गाद्या भरतात. तिच्या घरात कॉलेज संपवणारी ती पहिली, माझ्या घरात मी. मागच्या वर्षी तिला लॅपटॉप घ्यायचा होता म्हणून आम्ही दोघी दुकानात गेलो. दुकानदाराने 'नो-कॉस्ट ईएमआय' पुढे केला. ती म्हणाली, "नको. यात व्याज आहे." दुकानदार हसला. मीही हसले, हे कबूल करते. म्हटलं, "अगं, नो-कॉस्ट लिहिलंय ना." ती म्हणाली, "लिहिलंय. पण बँक फुकट देते का कुणाला?"

नंतर शोधून वाचलं तेव्हा माझीच मला लाज वाटली. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते. ग्राहकाला मिळायची सवलत कापून किंवा प्रोसेसिंग फीमध्ये व्याज दडवलेलं असतं. ज्या मुलीला दुकानदाराने आणि मी 'धार्मिक, मागासलेली' समजून हसलो, तिने रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक न वाचता तेच सांगितलं होतं. अर्थशास्त्राची डिग्री असलेल्या किती जणांना हे कळतं?

त्या रात्री तिने मला तिच्या मामेभावाने पाठवलेला स्क्रीनशॉट दाखवला. तो रियाधला कामाला आहे. फोन घेतला, किंमत चार हप्त्यांत, व्याज नाही, खाली 'शरियासंमत' असा शिक्का. तिने विचारलं, "आपल्याकडे असं का नाही?" या लेखात मी तिलाच उत्तर द्यायचा प्रयत्न करतेय. उत्तर सरळ नाही, कारण माझं भांडण एकाच बाजूशी नाही.

आधी हे 'आता घ्या, नंतर द्या' प्रकरण आखातात कसं चालतं ते पाहू. २०१९ मध्ये दुबईत सुरू झालेली टॅबी आणि २०२० मध्ये सौदीत सुरू झालेली तमारा ही यातली मोठी नावं. दोन्ही कंपन्या स्वतःला शरियासंमत म्हणवतात. समजा फोन १,२०० रियालचा आहे. ग्राहक ३०० चे चार हप्ते भरतो, एकूण १,२०० च. कंपनी दुकानदाराला लगेच पैसे देते, पण आपली फी कापून; समजा १,१४०. ग्राहकाकडून जास्तीचं काही घेतलेलं नाही, म्हणून 'रिबा' नाही, असा युक्तिवाद. रिबा म्हणजे कर्जाच्या बदल्यात मुद्दलावर घेतलेली वाढ. इस्लामी कायद्यात ती हराम आहे. व्यापारातला नफा मात्र हलाल आहे. दुसरा मार्ग मुराबहाचा: कंपनी आधी वस्तू स्वतः विकत घेते, मग ठरलेला नफा सांगून ती तुम्हाला उधारीवर विकते. उधारीची किंमत रोखीपेक्षा जास्त ठेवायला बहुतेक फकीहांची परवानगी आहे, अट एवढीच की ती सौदा करतानाच ठरावी आणि नंतर वाढू नये.

आणि हप्ता चुकला तर? इथे इस्लामी वित्तव्यवहाराने एक वेगळी गोष्ट केलेली आहे. बहारीनची आयोफी ही संस्था या क्षेत्राचे निकष ठरवते. तिच्या निकषानुसार उशिराचा दंड कंपनीला स्वतःच्या खिशात घालता येत नाही, तो धर्मादाय कामाला द्यावा लागतो. मलेशियात दोन वेगळे शब्दच आहेत: 'तावीध' म्हणजे झालेल्या खऱ्या नुकसानाची भरपाई, ती सावकार ठेवू शकतो; 'गरामा' म्हणजे दंड, तो ठेवता येत नाही.

यात जे चांगलं आहे ते आधी मान्य करू, कारण आपल्या बाजूचे पुष्कळ लोक ते न वाचताच नाक मुरडतात. दंड कंपनीच्या उत्पन्नात जात नसेल, तर तुम्ही चुकावं अशी तिची इच्छा राहत नाही. चक्रवाढ नाही. घेतलेल्या रकमेच्या तिप्पट देणं होणं नाही. भारतात लोन अ‍ॅपच्या फेऱ्यात सापडलेल्या कुठल्याही पोराला विचारा, एवढ्या तीन गोष्टीही त्याला स्वर्ग वाटतील.

त्यातलाच एक 'पोरगा' मी आहे. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझी फेलोशिप सात महिने आली नाही. कागद इथून तिथे, हजेरीची सही, विभागप्रमुखाची सही, पोर्टल बंद. मेसचे पैसे, फील्डवर्कचं भाडं, घरी धाकट्या भावाची फी. एका अ‍ॅपवर मी १४ हजार उचलले. शब्द बघा, आपोआप 'उचलले' असंच लिहून गेले. आधी किराणा, मग औषधं, मग एसटीची तिकिटं. पंधरा दिवसांनी बिल, मग लेट फी, लेट फीवर जीएसटी, मग फोन. सकाळी आठला फोन, जेवताना फोन, गाईडच्या केबिनमध्ये बसले असताना फोन. फेलोशिप आली तेव्हा सगळं फेडलं, वरचे पैसेही फेडले. मला वाटलं, सुटले. दोन वर्षांनी भावाच्या नर्सिंगच्या शिक्षणकर्जासाठी सह-अर्जदार म्हणून बँकेत गेले, तर साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. तीन उशीर झालेले हप्ते. "मॅडम, तुमचा स्कोअर बसत नाही." भावाचं ते वर्ष गेलं.

सात महिने उशीर करणाऱ्याचा स्कोअर कुठेच नोंदवलेला नव्हता. त्याला लेट फी लागली नाही. त्याला कुणी सकाळी आठला फोन केला नाही. खाडा कायम मजुरालाच लागतो, मुकादमाला लागत नाही.

तर मग प्रश्न असा: माझ्या अ‍ॅपवर हलालचा शिक्का असता तर माझं काय वेगळं झालं असतं? लेट फी कंपनीऐवजी एखाद्या ट्रस्टला गेली असती. माझ्या खिशातून ती तेवढीच गेली असती. दंडाचे पैसे शेवटी कुठे जातात, यावर कंपनीचा धर्म शुद्ध राहतो की नाही ते ठरतं. माझ्या घरातलं पीठ किती उरतं, ते त्याने ठरत नाही.

इथेच माझी या कंपन्यांशी खरी तक्रार आहे, आणि ती त्यांच्याच धर्मग्रंथाच्या आधाराने करता येते. कुराणात व्याजबंदीच्या लगोलग दुसरी आज्ञा आहे: कर्जदार अडचणीत असेल तर त्याची परिस्थिती सुधारेपर्यंत त्याला मुदत द्या, आणि सोडून दिलंत तर ते तुमच्यासाठी अधिक चांगलं. फिक्हमध्येही ऐपत असून टाळाटाळ करणारा आणि खरोखर अडलेला, असा फरक स्पष्ट केलेला आहे. दंड पहिल्यासाठी आहे, दुसऱ्यासाठी नाही. पण अ‍ॅपला फक्त तारीख कळते, अडचण कळत नाही. पाच तारखेला खात्यात पैसे नसले की कापणी फेल, फेल झाली की दंड. व्याज आहे की नाही हे पाहायला शरिया बोर्ड बसवता येतं. ज्याची नोकरी गेली त्याला मुदत मिळाली की नाही, हे पाहायला कोण बसलंय? ज्या निम्म्या आज्ञेत धंदा शाबूत राहतो ती पाळायची आणि जी निम्मी खर्चिक आहे ती सोडायची, याला मी धर्मपालन म्हणणार नाही. याला जाहिरात म्हणतात.

आणि हे काही मी बाहेरून येऊन लावलेलं दूषण नाही. महमूद अल-गमल या अर्थशास्त्रज्ञाने २००६ च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं: जो व्यवहार आधीच बाजारात आहे त्याला अरबी नाव आणि जास्तीचे कागद लावून विकणं, म्हणजे 'शरिया आर्बिट्राज'. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने संघटित 'तवर्रुक'ला, म्हणजे रोख रक्कम हातात देण्यासाठी बँकेने रचलेल्या खरेदी-विक्रीच्या साखळीला, नाजायज ठरवलं. मुसलमानांमध्ये यावर चर्चा नाही, असं समजणाऱ्यांनी निदान एवढं वाचावं.

मागचा पैसा कुणाचा, तेही पाहा. २०२३ मध्ये तमाराला गोल्डमन सॅक्सने आणि टॅबीला जेपी मॉर्गनने कोट्यवधी डॉलरचं कर्ज उभं करून दिलं. या मंडळींनी तो पैसा जकात म्हणून दिलेला नाही. त्यांचा परतावा कुठून तरी निघतो. तो दुकानदाराच्या फीतून निघतो, आणि दुकानदार ती फी शेवटी सगळ्यांच्या किमतीत मिसळतो. हप्ता न घेता रोख मोजणारा मजूरही ती भरतो. रूममेटच्या मामेभावाने रियाधला जाण्यासाठी एजंटला दिलेले पैसे गावातून सावकारी व्याजाने उचलले होते. तो गेला तेव्हा कफाला पद्धतीत त्याचा व्हिसा मालकाच्या हातात होता. त्या कर्जावर कुठलंही बोर्ड फतवा काढत नाही. फोनचे चार हप्ते मात्र पाक हवेत. मोठी उचल हराम आणि छोटी उचल हलाल, आणि दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर.

आता आपल्या देशाकडे वळते, कारण इथे हसण्यासारखं कुणाकडेच काही नाही.

व्याजाच्या प्रश्नाला इथे पहिल्यापासून वर्ण आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात महिन्याचा व्याजदर सांगितला आहे: ब्राह्मणाला शेकडा दोन, क्षत्रियाला तीन, वैश्याला चार, शूद्राला पाच. ज्याच्याकडे सगळ्यात कमी, त्याला सगळ्यात जास्त. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे पुस्तक जाळलं गेलं, त्यात आपल्यासाठी असा रेटकार्डही होता, हे आपण फारसं बोलत नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून शेतकरी उठले, तेव्हा सावकाराच्या घरातले कर्जरोखे त्यांनी शोधून शोधून जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खनचा कायदा आला आणि कागदावर काय लिहिलंय त्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टांना मिळाला. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सावकार, भटकामगार आणि कचेरी यांची जी साखळी मांडली, ती याच काळातली.

आजचा क्रेडिट स्कोअर जात विचारत नाही. तो पगाराची स्लिप, कायमचा पत्ता, आधीचं कर्ज आणि वेळेवर येणारं उत्पन्न विचारतो. यातल्या कुठल्या गोष्टी जातीने आधीच वाटून ठेवलेल्या नाहीत? २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की काही बँका काही भौगोलिक भाग 'निगेटिव्ह' ठरवतात आणि तिथे कर्ज सहजी देत नाहीत. मुसलमान बँकेत जात नाही कारण त्याला व्याज हराम, हे अर्धंच सत्य आहे. उरलेलं अर्धं असं की तो गेला तरी बँक त्याच्या मोहल्ल्यात येत नाही.

आणि सरकार? २००८ मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची सोय करावी अशी शिफारस केली. १९४९ चा बँकिंग कायदा व्याजाच्या गृहीतकावर उभा आहे, म्हणून तो बदलावा लागला असता. फायली फिरल्या. २०१७ मध्ये माहिती अधिकाराच्या उत्तरात रिझर्व्ह बँकेने कळवलं की हा प्रस्ताव पुढे न्यायचा नाही, कारण बँकिंगच्या व्यापक आणि समान संधी सर्वच नागरिकांना उपलब्ध आहेत. समान संधी! हे वाक्य आपल्याला कुठून कुठून ऐकायला मिळतं, ते पहिल्या पिढीतल्या पदवीधरांना वेगळं सांगायला नको. आरक्षणाला विरोध करणारा प्रत्येक वर्गमित्र हेच म्हणतो.

नियमातलं दार बंद केलं की माणसं मागच्या दाराने जातात, आणि तिथे लुटारू उभे असतात. २०१९ मध्ये बंगळुरूची आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी बुडाली. हलाल गुंतवणुकीच्या नावाखाली तिने हजारो घरांची आयुष्यभराची पुंजी गोळा केली होती. ज्यांना व्याज नको होतं, त्यांना कायदेशीर पर्याय न देणारं राज्य या लुटीत निर्दोष नाही. वर २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणपत्राच्या मालावर बंदी घातली. म्हणून मी आखाती अ‍ॅपवर टीका करते तेव्हा ती 'हलाल' या शब्दावर थुंकणाऱ्यांच्या रांगेत उभी राहून करत नाही, हे स्पष्ट लिहून ठेवते. ज्यांना मुसलमानाच्या हातगाडीवरचं फळ नको असतं, त्यांनी माझी वाक्यं उचलू नयेत.

त्याच वेळी मुस्लिम समाजातल्या पुढाऱ्यांनाही एक विचारते. बाबासाहेबांनी फाळणीवरच्या आपल्या ग्रंथात १९०१ च्या जनगणनेच्या आधारे दाखवलं होतं की अशराफ, अजलाफ, अर्जल ही उतरंड मुसलमानांतही आहे. बिनव्याजी बँकेची मागणी परिषदांच्या हॉलमधून होते. त्या व्यासपीठावर नदाफ, बागवान, मोमीन, कुरेशी, छप्परबंद किती असतात? कर्ज देणाऱ्याचं पाप टळलं की नाही, याची चिंता वर बसलेल्यांना. कर्ज घेणाऱ्याचं पोट भरलं की नाही, ही चिंता खाली बसलेल्यांची. जोवर बोर्डावर कर्जदार बसत नाही, तोवर बोर्ड पहिलीच चिंता करणार.

आता आपल्या घरातलं. आंबेडकरी मित्रांमध्ये मी हा विषय काढला तर दोन प्रतिक्रिया आल्या. एक, "हे त्यांचं धार्मिक प्रकरण, आपल्याला काय?" दोन, "ईएमआय आपल्याला मिळतोय हीच क्रांती आहे. आपल्या बापाला कुणी उधार देत नव्हतं."

दुसरं वाक्य मला कळतं. चांगल्या बुटांत कॉलेजला जाणं, स्वतःचा लॅपटॉप असणं, बापाला स्मार्टफोन देणं, यात मान आहे, आणि तो मान आपल्याला शतकानुशतकं नाकारला गेला. मी त्या बुटांची चेष्टा करणार नाही. पण मान उचलीवर घेतला की त्याची मुदत पाच तारखेला संपते. आपल्यामागे बापाचं घर विकून हप्ता भरायची सोय नसते. सवर्ण वर्गमित्राचा हप्ता चुकला तर तो घरी फोन करतो. आपला चुकला तर आपल्याला फोन येतो.

आणि पहिल्या वाक्याबद्दल: आपल्याला काय, असं म्हणणाऱ्यांनी आपलाच वारसा नीट पाहिलेला नाही. भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली, त्यातलं एक 'अनणसुख', म्हणजे कुणाचं काही देणं नसण्याचं सुख. आणि विनयाच्या नियमात कर्जदाराला प्रव्रज्या देऊ नये असंही आहे. मला हा नियम नेहमी टोचतो. सगळ्यांसाठी उघडलेल्या संघाचं दारही कर्ज असलेल्या माणसासाठी बंद होतं, कारण त्याच्यामागे सावकार यायचा. एवढी कर्जाची ताकद. तेव्हा कर्ज हा 'त्यांचा' प्रश्न नाही. तो आपल्याही मुक्तीच्या आड येणारा प्रश्न आहे.

माझ्या रूममेटने लॅपटॉप शेवटी कसा घेतला ते सांगते. तिच्या अम्मीची भिशी आहे. बारा बायका, महिन्याला हजार रुपये, दर महिन्याला एकीचा नंबर. त्या महिन्यात नंबर दुसऱ्याच बाईचा होता. अम्मीने शब्द टाकला, त्या बाईने आपला नंबर बदलून दिला. बारा हजारात जुना लॅपटॉप आला. मध्ये एकीचा नवरा दवाखान्यात होता तेव्हा तिला तीन महिने कुणी मागितलं नाही. ना स्कोअर, ना दंड. आमच्या वस्तीतल्या बायाही हेच करतात. मी भिशीचं देव्हाऱ्यात पूजन करत नाही. भिशी घेऊन पळालेलेही मी पाहिलेत, आणि बारा बायकांत कुणाला घ्यायचं हे बहुतेक वेळा जात-जमातच ठरवते. बारा हजारात नर्सिंगची फीही भरत नाही. पण मुदत देणं ही दया नसून आपसातला रिवाज असू शकतो, हे त्या बारा जणींना शरिया बोर्डापेक्षा आणि रिझर्व्ह बँकेपेक्षा जास्त कळतं.

म्हणून माझं म्हणणं हलाल हप्ते आणा किंवा आणू नका, एवढ्यावर थांबत नाही. मागण्या ठोस आहेत.

पहिली, मुदतीचा हक्क. नोकरी गेली, आजारपण आलं, फेलोशिप किंवा मजुरी थकली, याचा कागद दिला की हप्ता थांबला पाहिजे, दंड थांबला पाहिजे आणि स्कोअरवरची नोंद थांबली पाहिजे. हे अशक्य आहे असं सांगू नका. २०२० मध्ये कोविडच्या काळात सहा महिने हप्ते थांबवण्याची सोय झाली होती, आणि मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या काळातलं व्याजावरचं व्याज कुणाकडूनही घेता येणार नाही असं सांगितलं. सगळ्या देशावर संकट आलं तेव्हा मुदत मिळाली. आपल्या घरावर संकट दरवर्षी येतं.

दुसरी, दंड सावकाराच्या खिशात जाता कामा नये. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने दंडात्मक व्याज बंद करून फक्त दंडशुल्क ठेवायला सांगितलं आणि ते उत्पन्न वाढवायचं साधन नाही असंही बजावलं. मग एक पाऊल पुढे जा. उत्पन्नाचं साधन नाही ना, तर ते शुल्क अडलेल्या कर्जदारांच्या निधीत जमा करा. ही कल्पना इस्लामी वित्तव्यवहारातून आली म्हणून ती घ्यायची नाही, असं म्हणणाऱ्याने आपला पूर्वग्रह तपासावा.

तिसरी, बिनव्याजी सहकारी पतपुरवठ्याला कायदेशीर जागा. ती सर्व धर्म-जातींसाठी खुली असावी, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीत असावी आणि तिच्या संचालक मंडळात निम्मे तरी कर्जदार असावेत. मुकादमाच्या उचलीला, लोन अ‍ॅपला आणि हलालच्या नावाने पळून जाणाऱ्या कंपन्यांना तोच पर्याय आहे.

चौथी आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात आधीची: आमचे पैसे वेळेवर द्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचं संसदेत सांगितलं. ज्यांच्या फेलोशिप चालू आहेत त्यांना महिनोन्महिने वाट पाहावी लागते. आपली पोरं चैनीसाठी अ‍ॅपवर जात नाहीत. राज्य जेव्हा देणं थकवतं, तेव्हा ती जातात. उशीर झाला तर दर महिन्याला भरपाई जोडून फेलोशिप द्या. खाडा एकदा मुकादमालाही लागू द्या.

आखाती कंपन्यांना उद्या भारतात यायचं असेल तर जरूर यावं. आल्यावर शिक्का दाखवू नये, वही दाखवावी. किती दंड गोळा झाला, कुठे गेला, किती अडलेल्यांना मुदत दिली, किती जणांना सोडून दिलं. ती वही उघडी असेल तर माझी रूममेट तुमची पहिली ग्राहक असेल, आणि दुसरी मी.

परवा माय फोनवर होती. मी तिला हे सगळं सांगितलं, हलाल, रिबा, चार हप्ते. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अन् बाई आजारी पडली तर?"

चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या आज्ञेलाही हाच प्रश्न पडला होता. ज्या अ‍ॅपकडे, बँकेकडे, बोर्डाकडे किंवा मंत्रालयाकडे याचं उत्तर नाही, त्याने आपल्याला धर्म शिकवू नये आणि अर्थशास्त्रही शिकवू नये.

जय भीम.